लेकीच्या दाढांना सीलंट (किड लागू नये म्हणून दाढेच्या खाचांवर लावतात तो पातळ प्लास्टिकचा थर) केलं त्याला ४ वर्षं झाली, अनुभव सांगते

मोठ्याचं रूट कॅनॉल झालं तेव्हा तो ९ वर्षांचा होता. दाढ दुधाची नव्हती, कायमची होती, आणि हे मला कळलं कधी तर त्या खुर्चीशेजारी त्याचा हात धरून उभी असताना. सहाव्या वर्षाच्या आसपास ही दाढ सगळ्यात मागे येते, तिच्यासाठी कुठलाच दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच लागत नाही, आम्ही पण पडणारी दाढ आहे म्हणून काळा ठिपका दिसला तरी गप्प बसलो. त्याचं अजून वाईट वाटतं.

म्हणून धाकटीच्या दाढा आल्या तसं लगेच सीलंट करायचं ठरवलं. सासूबाई म्हणाल्या, किड नाही काही नाही, चांगल्या दाताला कशाला हात लावायचा, ही नवीन फॅडं. तर फॅड नाहीये हे, ॲसिड लावून दाताचा पृष्ठभाग खरखरीत करायचा म्हणजे प्लास्टिक पकडून राहतं ही युक्ती १९५५ ची आहे, अमेरिकेतल्या बुओनोकोर नावाच्या दंततज्ज्ञाची. आणि दाढेवरच्या त्या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केस आत जातच नाही, बिस्किट चिकटलं की तिथेच बसतं, मग कितीही घासा.

पहिल्यांदा घराजवळच्या एका क्लिनिकमध्ये केलं, नाव घेत नाही. डॉक्टर एकटेच होते, पोरगी सारखी जीभ हलवत होती, तोंडात लाळ जमत होती, तरी १० मिनिटांत ४ दाढा उरकल्या. सहा महिन्यांनी बघितलं तर एका दाढेवरचं अर्धं उडालेलं आणि दुसऱ्या एकीवरचं पूर्णच गायब. एवढे पैसे देऊन हे, खूप चिडले होते मी.

मग मुलांच्या दातांच्या स्पेशालिस्ट मॅडमकडे गेलो आणि तिथे फरक कळला. बरोबर असिस्टंट, गालात कापसाचे बोळे, सक्शन सतत चालू. दाढ साफ केली, ॲसिडचं जेल लावून थोडा वेळ ठेवलं, धुतलं, हवेने वाळवलं, दाढ खडूसारखी पांढरी दिसायला लागली. तेवढ्यात लेकीने तोंड मिटलं आणि लाळ लागली, तर मॅडमनी सरळ पुन्हा जेल लावलं आणि सगळं पहिल्यापासून केलं. म्हणाल्या, ओल्यावर लावलं तर ते टिकत नाही, सीलंट निघायचं मुख्य कारण हेच. मग ते पातळ प्लास्टिक आणि निळा लाईट, झालं. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही, रडारड नाही. एक दाढ अजून अर्धी हिरडीखाली होती, कोरडी राहणं शक्यच नव्हतं, म्हणून तिला तात्पुरतं ग्लास आयोनोमर नावाचं दातांचं सिमेंट लावलं, ते ओल चालवून घेतं आणि फ्लोराईड पण सोडतं पण टिकायला कमी, दाढ पूर्ण वर आल्यावर तिथे नेहमीचं केलं. दर दाढेला ८०० घेतले, मोठ्याचं रूट कॅनॉल आणि वरची कॅप याच्यापुढे काहीच नाही.

आज ४ वर्षांनी चारही दाढा साफ आहेत. मधे एका दाढेवरचा कोपरा झिजला होता, सहा महिन्यांच्या तपासणीत सापडला, तेवढाच परत भरला. ही तपासणी चुकवू नका प्लीज, सीलंट निघालेलं असेल तर दाढ पुन्हा उघडीच. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचे आकडे सांगतात की मागच्या दातांची ८० टक्के किड पहिली २ वर्षं टळते, आणि ४ वर्षांपर्यंत ५० टक्के. म्हणजे कायमचं कवच नाही, पण मुलांची बहुतेक किड मागच्या दाढांनाच लागते त्यामुळे हे खूप आहे.

एक मात्र आहे, दोन दातांच्या फटीत सीलंट पोचत नाही. लेकीच्या दुधाच्या दोन दाढांमध्ये मागच्या वर्षी किड निघालीच, कारण फ्लॉस आम्ही करत नव्हतो, आता रोज रात्री मी करून देते.

क्लिनिक निवडताना एवढंच विचारा, असिस्टंट असतो का आणि लाळ लागली तर परत पहिल्यापासून करता का. बाराव्या वर्षी मागे अजून एक दाढ येते, तिच्यासाठी मी याच मॅडमकडे जाणार आहे.