28 हजारांची टॉर्च, आणि तक्रार करायची कुठे?

घरात रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळाचा खाऱ्या पाण्याचा टँक, असेल किंवा करायचा विचार असेल, तर हे शेवटपर्यंत वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी “दोनच हेड उरलेत, लवकर सांगा” असा मेसेज पाठवला असेल, तर यूपीआय उघडण्याआधी वाचा. टॉर्च नावाच्या प्रवाळापायी माझे 28,900 रुपये गेले. पैसे गेले याचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त लागलं ते पुढचं. तक्रार करायला निघाले तेव्हा कळलं की ते दार विकणाऱ्याने आधीच बंद करून ठेवलं होतं.

मी ठाण्यात राहते, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. 2016 च्या मे महिन्यात मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात डोकं घालून पहिल्यांदा जिवंत प्रवाळ पाहिलं. त्या दिवसापासून हे वेड लागलं. आधी गोड्या पाण्याचे मासे, मग तीन वर्षं वाचन, मग खाऱ्या पाण्याचा तीन फुटी टँक, साधारण 200 लिटरचा. आरओच्या पाण्यात मीठ मोजून घालायचं, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं यंत्र) 1.025 आलं की मगच टँकमध्ये ओतायचं. उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून पंखे लावायचे. क्लाउनफिशची जोडी, थोडे झोआ, दोन-तीन मशरूम (ही दोन्ही मऊ, दगडी सांगाडा नसलेली). बारा वर्षांच्या मुलालाही तितकीच गोडी. शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी तो टँकपाशी जातो.

आम्हाला दोघांना टॉर्च हवी होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. टॉर्च हे एका दगडी प्रवाळाचं बाजारातलं नाव, शास्त्रीय नाव युफिलिया ग्लॅब्रेसेन्स. चुनखडीच्या फांदीच्या टोकाला बोटभर लांब, मऊ शुंडकं असतात, प्रत्येकाच्या टोकाशी छोटा गोळा. पाण्याच्या प्रवाहात ती सगळी एकदम वळतात, वारं आलेल्या भाताच्या शेतासारखी. एका फांदीचं एक हेड, आणि किंमत हेडवर ठरते. साध्या तपकिरी-हिरव्या टॉर्चपेक्षा सोनेरी टॉर्च कितीतरी महाग.

महाग का, हे नीट समजून घ्या, कारण फसवणारा माणूस खऱ्या कारणांच्या आडूनच बोलतो. हेड आपोआप दुभागतं, पण त्याला महिने जातात, घाई करता येत नाही. विमानाने येताना प्रत्येक तुकडा वेगळ्या पिशवीत, भरपूर पाण्यात घालावा लागतो, म्हणजे भाडं पाण्याचंच जास्त. वाटेत काही मरतात, त्यांचा खर्च जगलेल्यांवर चढतो. आणि वेगळ्या रंगाच्या तुकड्याला कोणीतरी भारदस्त नाव देतं. नाव मिळालं की तोच जीव दुप्पट-तिप्पट भावाने जातो. ही सगळी कारणं खरी आहेत. म्हणूनच आकडा मोठा सांगितला की आपल्याला वाटतं, माल चांगलाच असणार. मलाही तसंच वाटलं.

2023 च्या दिवाळीनंतर हौशी मंडळींच्या एका ग्रुपवर एका विकणाऱ्याचा व्हिडिओ आला. निळ्या प्रकाशात सोन्यासारखी झळाळणारी टॉर्च. मी विचारलं, तर उत्तर लगेच: “मॅडम, 14 हजार हेड. 2018 पासून इंडोनेशियाची निर्यात बंद आहे, पुन्हा असा पीस मिळणार नाही. माल कल्चर केलेला आहे, पेपर आहेत.” कल्चर केलेला म्हणजे समुद्रातून न उचलता वाढवलेला. पाठोपाठ एक पीडीएफ आली, वर सायटिस (वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार) परमिट असं लिहिलेली. मी ती उघडली, शिक्का दिसला, बंद केली. इतकंच पाहिलं. लॅबमध्ये एका रिपोर्टवरचं नाव मी तीनदा तपासते आणि इथे कागदावरचं एकही अक्षर वाचलं नाही. दिवाळीचा बोनस होता. दोन हेडचे 28 हजार आणि पार्सलचे 900 पाठवून दिले.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला तीन हात नाक्यावर खासगी बसमधून थर्मोकोलचा बॉक्स उतरवून घेतला. मुलगा झोपेतून उठून सोबत आला होता, रिक्षात बॉक्स मांडीवर धरून बसला. घरी आल्यावर आधी पिशवी टँकच्या पाण्यात तरंगत ठेवली, तापमान सारखं व्हावं म्हणून. दिवा लावला तेव्हाच पिशवीतलं पाणी फिकट चहासारखं दिसलं. उघडल्यावर सडक्या कोळंबीचा वास आला.

एका हेडच्या कडेने तपकिरी, शेंबडासारखा चिकट थर लोंबत होता. हौशी मंडळी याला ब्राउन जेली म्हणतात. युफिलियाला हा लागला की हेड एक-दोन दिवसांत वितळून जातं, शेजारचंही घेऊन जातं. मी लॅबमधून आणलेलं भिंग लावलं. फांदीच्या खालच्या टोकाला करवतीची रेघ होती, पांढरीशुभ्र, तिच्यावर शेवाळाचा ठिपकासुद्धा नव्हता. तुकडा ज्या छोट्या बैठकीवर, म्हणजे प्लगवर, चिकटवतात तिथला गोंद बोटाने दाबला तर आतून अजून मऊ. म्हणजे त्याने पार्सल पाठवायच्या आदल्या रात्री किंवा त्याच दिवशी कॉलनी कापली, तुकडा चिकटवला आणि पिशवीत भरला. जबाबदार माणूस फ्रॅग, म्हणजे कापलेला तुकडा, दोन-तीन आठवडे आपल्याच टँकमध्ये ठेवतो. जखम भरते, शुंडकं पुन्हा पूर्ण बाहेर येतात, मग विकतो. ताजा कापलेला जीव बसच्या डिकीत रात्रभर हेलकावे खात आला होता.

आणि रंग. टँकचा पांढरा दिवा लावला तर ती सोनेरी नव्हतीच. फिकट हिरवट-तपकिरी, सगळ्यात साधी, सगळ्यात स्वस्त टॉर्च. प्रवाळाच्या अंगात चमकणारी प्रथिनं असतात, निळ्या एलईडीखाली ती उजळतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर पिवळा-नारिंगी फिल्टर धरला आणि वर रंग थोडे वाढवले, की साधा तुकडाही दागिन्यासारखा दिसतो. हे मला माहीत होतं. झोआंच्या बाबतीत मी स्वतः लोकांना सांगत असे.

मी फोटो पाठवले. आधी उत्तर आलं, “सेट होऊ द्या.” दुसऱ्या दिवशी, “तुमचं अल्क चेक करा.” अल्क म्हणजे पाण्याची क्षारता. मी चेक केलं, 8.4 होतं, नायट्रेट 5. तेही फोटो पाठवले. मग तो म्हणाला, मेलेल्या मालाची भरपाई फक्त न उघडलेल्या पिशवीचा व्हिडिओ तासाभरात पाठवला तरच. ही अट त्याने आधी एकदाही सांगितली नव्हती. तोवर पहिलं हेड गेलं होतं. मी आयोडीनच्या डिपमध्ये दुसरं वाचवायचा प्रयत्न केला, चौथ्या दिवशी तेही गेलं. हाडासारखा पांढरा सांगाडा उरला, नऊ सेंटिमीटर लांब. मुलाने विचारलं, “आपण काय चुकलो?” आपलं पाणी बरोबर होतं, हे त्याला पटवायला मला दोन दिवस लागले.

मी विकणाऱ्याला लिहिलं की ग्राहक आयोगाकडे जाईन, 1930 वर सायबर तक्रार करीन. त्यावर त्याचं उत्तर मी जपून ठेवलं आहे: “करा ना मॅडम. दगडी कोरल शेड्यूल वन आहे. टँक तुमच्या घरात आहे, माझ्या नाही.”

माझे हातपाय गार पडले. हा मुद्दा मला अर्धवट ठाऊक होता, पण “कल्चर केलेला” आणि “पेपर आहेत” या दोन शब्दांवर मी निश्चिंत होते. मैत्रिणीचे दीर वकील आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी समजावलं ते असं. 2001 पासून सगळी दगडी प्रवाळं, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. त्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला 3 ते 7 वर्षं कैद, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर दंड किमान 25 हजार. मुंबईतल्या कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या 18 प्रवाळ वसाहती आड आल्या होत्या. त्या नुसत्या उचलून दुसरीकडे बसवायच्या होत्या, तरी 2020 मध्ये महापालिकेला वन्यजीव विभागाची परवानगी घ्यावी लागली. आणि माझ्या घरी एक बसमधून आलेला तुकडा, कोणा अनोळखी माणसाच्या शब्दावर.

मग आम्ही ती पीडीएफ एकत्र बसून वाचली. परमिट इंडोनेशियाचं, तारीख फेब्रुवारी 2019. आयात करणाऱ्याचं नाव भलत्याच फर्मचं, तेही पुसट केलेलं. सायटिसचं निर्यात परमिट सहा महिने चालतं, म्हणजे ते मेलेलं परमिट होतं. 2018 पासून निर्यात बंद असं तो स्वतः म्हणत होता, आणि त्याचाच कागद त्या बंदीच्या काळातला! प्रत्यक्षात इंडोनेशियाने 2018 मध्ये निर्यात थांबवली होती, पण कल्चर केलेल्या प्रवाळांसाठी ती 2020 च्या सुरुवातीला पुन्हा सुरूही झाली होती. म्हणजे “पुन्हा मिळणार नाही” हेही खोटं. दहा मिनिटं वाचलं असतं तर हे सगळं त्याच रात्री कळलं असतं. आणि परमिट खरं असतं तरी इथल्या अनुसूची 1 मधून ते मला सोडवत नव्हतं.

वकिलांच्या सल्ल्याने मी वनविभागाकडे लेखी निवेदन दिलं. घडलं ते सगळं लिहिलं, माझी चूकही लिहिली, चॅट, नंबर, यूपीआय आयडी जोडला. सांगाडा कागदात गुंडाळून नेला, तो त्यांनी ठेवून घेतला. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. तुमच्या घरी असा तुकडा असेल तर लपवून बसू नका आणि ग्रुपवर विचारूही नका. आधी वकिलाला भेटा. पैसे परत आलेले नाहीत.

आता माझ्या टँकमध्ये दगडी काहीही नाही. झोआ आणि मशरूम 2001 च्या त्या यादीत नाहीत. तरी समुद्रातून खरवडून आणलेले मी घेत नाही. ओळखीतल्या कोणाच्या टँकमध्ये वाढलेले, स्वतः जाऊन पाहिलेलेच घेते. दीडशे-दोनशे रुपयांत, कधी अदलाबदलीत फ्रॅग मिळतो, आणि तो जगतो. (झोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालाच. काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, डोळ्यात पाणी उडालं तर हॉस्पिटल गाठावं लागतं. झोआ लागलेला दगड उकळायचा तर विचारही करू नका, ती वाफ घरातल्या सगळ्यांना आजारी पाडते.) कोणाकडूनही घेताना पांढऱ्या दिव्याखालचा व्हिडिओ मागा, शेजारी तुमचं नाव आणि आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगा. कापून किती दिवस झाले ते विचारा, मूळ कॉलनी दाखवायला सांगा. प्रामाणिक माणूस दोन मिनिटांत व्हिडिओ पाठवतो. जो टाळतो किंवा संध्याकाळपर्यंतची मुदत देतो, त्याला पैसे पाठवू नका.

गेल्या आठवड्यात डोंबिवलीच्या एका मुलाने मला मेसेज केला. पहिली नोकरी, पहिलाच टँक. “ताई, ही टॉर्च घेऊ का? 17 हजार हेड सांगतोय.” खाली व्हिडिओ होता. तोच, मला आला होता तो. पैसे गेल्यानंतर मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला होता, त्यामुळे त्यातली प्रत्येक गोष्ट मला पाठ आहे. मागचा दगड, काचेवरचा ओरखडा, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात भिंतीवरचा प्लग पॉइंट, दोन उभ्या चपट्या फटींचा, अमेरिकेत असतो तसा. आपल्याकडे गोल पिनांचा असतो. तो टँक त्या माणसाचा नव्हताच कधी.

मी त्या मुलाला लिहिलं, पैसे पाठवू नकोस. व्हिडिओ थांबव आणि खालचा डावा कोपरा मोठा करून बघ.