विद्यार्थ्यांच्या म्युझिक व्हिडिओसाठी दा विंची रिझॉल्व्ह (मोफत आवृत्ती): ओठ जुळतात, पोस्टर अडतं

तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ, सोबत अल्बमचं कव्हर, एक पोस्टर आणि शेवटी या सगळ्याचं लेखी मूल्यमापन. माध्यम शिकणाऱ्या मुलांच्या वाट्याला हा प्रकल्प हमखास येतो. त्यासाठी ब्लॅकमॅजिक डिझाइनच्या दा विंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरते का? व्हिडिओसाठी पुरून उरते. छापील साहित्यासाठी तिच्या भरवशावर राहू नये. मूल्यमापनाला उपयोगी पडणाऱ्या सोयी तिच्यात भरपूर आहेत, पण बहुतेक जण त्या उघडूनही बघत नाहीत.

मोफत आवृत्ती ३८४० × २१६० पर्यंतचा व्हिडिओ सेकंदाला ६० फ्रेम्सपर्यंत एक्स्पोर्ट करते आणि वॉटरमार्क टाकत नाही. मात्र सशुल्क स्टुडिओ आवृत्तीतला एखादा इफेक्ट लावला की चित्रावर वॉटरमार्क उमटतो, आणि हे नेमकं सबमिशनच्या आदल्या रात्री लक्षात येतं. नॉइझ रिडक्शन, म्हणजे कमी उजेडात चित्रावर येणारे दाणे काढायची सोयही स्टुडिओतच आहे, त्यामुळे अंधारात शूट करून ‘नंतर साफ करू’ म्हणायची सोय नाही. लॅबमध्ये लिनक्स असेल तर मोफत आवृत्ती फोनच्या एच.२६४ फाइल्स उघडत नाही. आधी एफएफएमपेग या मोफत साधनाने त्या डीएनएक्सएचआर (एडिटिंगसाठीचा व्हिडिओ प्रकार) आणि पीसीएम (न दाबलेला) आवाजात बदलून घ्याव्या लागतात.

खरी परीक्षा लिप सिंकची, म्हणजे गाण्याशी ओठ जुळवण्याची. फोन बहुधा बदलत्या फ्रेम रेटने रेकॉर्ड करतो. अशी क्लिप पहिल्या कडव्यात जुळलेली दिसते आणि शेवटच्या कडव्यापर्यंत ओठ सरकलेले असतात. एडिटिंगच्या आधीच हँडब्रेक या मोफत कन्व्हर्टरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ निवडून सगळ्या क्लिप्स सेकंदाला २५ फ्रेम्सवर आणाव्यात (स्लो मोशनचे टेक मात्र ५० वर). प्रोजेक्ट सेटिंग्जमधला टाइमलाइन फ्रेम रेटही फुटेज आत घेण्यापूर्वीच ठरवावा, कारण एकदा काम सुरू झालं की तो रकाना कुलूपबंद होतो.

मग गाणं पहिल्या ऑडिओ ट्रॅकवर, सगळे टेक एकावर एक व्हिडिओ ट्रॅकवर, सगळं निवडून राइट क्लिक आणि ‘ऑटो अलाइन क्लिप्स’मध्ये वेव्हफॉर्मचा (आवाजाच्या आलेखावरून जुळवण्याचा) पर्याय. यासाठी शूटच्या वेळी स्पीकरवर वाजणारं गाणं कॅमेऱ्याच्या माइकमध्ये ऐकू येईल इतकं मोठं हवं. काम झटपट होतं, पण एक खोड आहे. हल्ली ध्रुवपद एकदाच रेकॉर्ड करून पुढे जसंच्या तसं चिकटवलेलं असतं. नुसत्या ध्रुवपदाचा टेक घेतला असेल तर सॉफ्टवेअर तो दुसऱ्याऐवजी पहिल्या ध्रुवपदावर नेऊन बसवू शकतं. त्यामुळे प्रत्येक टेक आधीच्या कडव्याच्या शेवटच्या ओळीपासून सुरू करावा. त्या ओळीचे शब्द एकदाच येतात, मग जागा चुकत नाही.

ऑटो अलाइनवर डोळे झाकून विश्वासही ठेवू नये. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. कॅमेरा स्पीकरपासून १४ मीटरवर असेल तर त्याच्या माइकपर्यंत आवाज ४० मिलिसेकंद, म्हणजे २५ फ्रेम्सच्या टाइमलाइनवर पूर्ण एक फ्रेम उशिरा पोचतो. स्पीकर गायकाच्या पायाशीच असेल तर जुळवल्यानंतर लांबच्या शॉटमध्ये ओठ एक फ्रेम आधी हलतात. क्लिप निवडून पूर्णविरामाची कळ दाबली की ती एक फ्रेम उजवीकडे सरकते. तपासायचं ते प, ब, म यांवर. तिथे ओठ मिटतात, स्वरांवर चूक लपून जाते.

स्लो मोशनमध्येही ओठ जुळलेले हवे असतील तर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, ५० फ्रेम्सने शूट करायचं आणि क्लिपचा वेग ५० टक्के करायचा. या टेकना वेव्हफॉर्म अलाइनचा आधार नाही. गाणं सुरू होताना फ्रेममध्ये टाळी वाजवावी आणि नंतर हाताने जुळवावं. गायकाला दुप्पट वेगाचा सराव लागतो, तो बहुतेक गट विसरतात.

रिझॉल्व्हमधलं झटपट एडिटिंगचं कट पेज आणि आवाजाचं फेअरलाइट पेज या प्रकल्पाला फारसे लागत नाहीत. रंग सुधारायचं कलर पेज उत्तम आहे, पण त्यात शिरण्याआधी कट पक्का झालेला असावा. शीर्षकात जोडाक्षरं किंवा मात्रा फुटलेल्या दिसल्या तर फॉन्ट बदलत बसू नये. इंकस्केप या मोफत चित्र-सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं करून पारदर्शक पीएनजी आणावी.

आता पोस्टर. व्हिडिओतली फ्रेम काढून छापायचा मोह सगळ्यांनाच होतो. १२ सेंटीमीटरच्या सीडी कव्हरला ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) एका बाजूला १४१७ पिक्सेल लागतात, चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (छापून नंतर कापली जाणारी जादा कड) धरला तर १४८८. १०८० उंचीच्या फ्रेममधून चौकोन कापला तर मिळतात १०८०. फोर-के (३८४० × २१६०) फ्रेम कव्हरला पुरते, पण उभ्या ए-४ पोस्टरला ३५०८ पिक्सेल उंची हवी आणि तिच्याकडे आहे २१६०, म्हणजे जेमतेम १८५ डीपीआय. शिवाय ‘ग्रॅब स्टिल’ने काढलेली फ्रेम टाइमलाइनच्या आकारात निघते. टाइमलाइन १०८०ची असेल तर मूळ क्लिप फोर-के असूनही हाती १०८०च येतं. त्यात १/५० सेकंदाच्या शटरमुळे हललेला हात पुसट असतो. शूटच्याच दिवशी, तोच पोशाख आणि तोच प्रकाश असताना वेगळे फोटो काढणं हाच सरळ मार्ग.

फोटोंना व्हिडिओचा रंग द्यायला मात्र रिझॉल्व्ह कामी येतं. कलर पेजवर क्लिपवर राइट क्लिक करून ३३ पॉइंटचा क्यूब लट (एलयूटी, म्हणजे रंगबदलाची तक्ता-फाइल) बनवा आणि डार्कटेबल या मोफत फोटो सॉफ्टवेअरच्या ‘लट थ्री-डी’ मोड्यूलमध्ये लावा. पॉवर विंडोने (चित्राचा एक भाग आखून) फक्त चेहऱ्यावर केलेला बदल लटमध्ये येत नाही, फक्त अख्ख्या फ्रेमचा ग्रेड, म्हणजे रंगबदल येतो. मांडणी स्क्रायबस या मोफत पान-मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये करून सीएमवायके (छपाईच्या चार शायांची) पीडीएफ काढावी. पडद्यावरचा भडक निळा-जांभळा स्टेज लाइट शाईत मंदावतो, म्हणून आधी एक प्रत छापून बघावी.

मूल्यमापनात बहुतेक अहवाल ‘प्रेक्षकांना व्हिडिओ आवडला’ इथेच संपतात. त्या वाक्याला गुण द्यायचे तरी कशाचे? वर्कस्पेस मेन्यूतल्या ‘डेटा बर्न-इन’मधून टाइमकोड (चालू वेळेचे आकडे) चित्रावर टाकून एक प्रत काढा. त्याआधी टाइमलाइनचा सुरुवातीचा टाइमकोड शून्य करा. तो मुळात एक तासापासून सुरू होतो आणि बघणारे गोंधळतात. ज्यांनी व्हिडिओ पाहिलेला नाही त्यांना आधी फक्त पोस्टर दाखवून गाणं कोणत्या प्रकारचं वाटतं ते लिहून घ्या. मग व्हिडिओ दाखवा आणि लक्ष कुठे उडालं तो टाइमकोड विचारा. ही उत्तरं एम कळीने टाइमलाइनवर मार्कर म्हणून टाका. मार्कर एका जागी गोळा झाले की तिथे शॉट लांबलाय किंवा तीच चौकट पुन्हा आलीय, हे दिसतं. टाइमलाइनची नक्कल करून तेवढाच भाग बदला. जुनी आणि नवी टाइमलाइन शेजारी ठेवली की लिहायला ठोस काही मिळतं. शेवटच्या एक्स्पोर्टपूर्वी बर्न-इन बंद करायला विसरू नका.

रिझॉल्व्हचा प्रोजेक्ट डेटाबेसमध्ये राहतो, फोल्डरमधल्या फाइलसारखा नाही. लॅबमधून घरी न्यायचा तर ‘एक्स्पोर्ट प्रोजेक्ट’च्या डीआरपी फाइलमध्ये फुटेज नसतं, ‘एक्स्पोर्ट प्रोजेक्ट आर्काइव्ह’मध्ये सगळं येतं. संगणकाला १६ जीबी रॅम हवी, फ्यूजन हे इफेक्ट्सचं पेज वापरायचं तर ३२. ८ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर प्रॉक्सी (क्लिप्सच्या हलक्या प्रती) करूनही कुरकुर चालू राहते. अशा वेळी केडेनलाइव्ह हे हलकं मोफत एडिटिंग सॉफ्टवेअर घ्यावं. कलर पेजला मुकाल, पण कट वेळेत पुरा होईल.