लिंबाच्या बागेत लेन्स घेऊन आलेला 'डॉक्टर' आणि माझे 17,900 रुपये

लिहायला लाज वाटतेय, पण अजून कोणी फसू नये म्हणून लिहितो. नाशिकपासून पाऊण तासावर माझी एक एकर कागदी लिंबाची बाग आहे, 110 झाडं. ऑगस्टात उघडीप मिळाली तशी नवती (नवीन पालवी) जोरात फुटली आणि पानं वाकडीतिकडी व्हायला लागली, पानांवर चंदेरी नागमोडी रेघा. त्याच आठवड्यात पांढऱ्या गाडीतून एक जण आला. कंपनीचं नाव असलेलं जॅकेट, गळ्यात आयकार्ड, बोलणं एकदम गोड, 'दादा, फ्री तपासणी आहे.'

आता कोणी म्हणेल, अनोळखी माणसाला बागेत घेतलंच कशाला. अहो आपल्याकडे द्राक्षवाल्यांच्या बागेत रोज कन्सल्टंट फिरतात, पैसे देऊन बोलवतात त्यांना, मग मला संशय कशाचा येणार?

त्याने एक पान तोडलं आणि लेन्सखाली धरून मला म्हणाला बघा. रेघेच्या टोकाला पारदर्शक सालीखाली पिवळट बारीक काहीतरी वळवळत होतं. म्हणे, 'हा ग्रीनिंगचा व्हायरस, दोन वर्षांत बाग काढावी लागेल.' इथंच! इथंच मला कळायला पाहिजे होतं. व्हायरस कधी हातातल्या लेन्सने दिसतो का, आणि वळवळतो का? बारावी सायन्स झालोय मी, तरी मान डोलावली. ती साधी नागअळी होती, पान पोखरणारी. ग्रीनिंग हा लिंबाच्या झाडांचा रोग तर व्हायरसचाही नाही, जिवाणूमुळे होतो, सायला नावाची कीड पसरवते आणि खात्री लॅबमध्येच होते. हे सगळं मला नंतर नर्सरीवाल्याने सांगितलं. पण 'बाग काढावी लागेल' ऐकलं की डोकं चालत नाही हो, सहा वर्षं पोरासारखी वाढवलीत झाडं.

त्याने गळ्यात मारलेल्या औषधाच्या सहा बाटल्या, 2,800 ची एक, म्हणजे 16,800, वर 1,100 'सर्व्हे फी'. फ्री तपासणीची फी! 10,000 फोनपेवर (कंपनीच्या नाही, कुठल्यातरी बाईच्या नावावर), 7,900 रोख. बिल मागितलं तर 'व्हॉट्सअॅपला टाकतो'. बाटलीवर कीडनाशकाचा विषारीपणा दाखवणारा तो रंगीत त्रिकोण नाही, नोंदणी नंबर नाही, बॅच नाही. विचारलं तर म्हणे सेंद्रियला लागत नाही. साफ खोटं, निंबोळीच्या औषधालासुद्धा नोंदणी लागते. कीडनाशकावर त्रिकोण दिसला नाही तर बाटली हातात पण घेऊ नका.

ड्रेंचिंगला (औषध पाण्यात कालवून झाडाच्या बुडाशी ओतायला) 1,500 मजुरी गेली ती वेगळीच. बादलीत ओतलं तर फेसच फेस, कामाच्या मावशी वास घेऊन म्हणाल्या, 'दादा, हे तं भांड्याचं लिक्विड.' मी त्यांच्यावरच ओरडलो. वीस दिवसांनी नवीन पालवी परत तशीच, आणि फोन स्विच ऑफ.

चार बाटल्या वापरल्या होत्या, दोन सीलबंद घेऊन तालुक्याला कृषीच्या साहेबांकडे गेलो. म्हणे सँपल आम्ही दुकानातून घेतो, तुम्ही आणलेलं चालत नाही. अहो दुकानच नाही तर घेणार कुठून? पंचायत समितीला जा म्हणाले. तिथले साहेब मीटिंगला. दुसऱ्यांदा गेलो, दौऱ्यावर. तिसऱ्यांदा भेटले तर म्हणे 'बिल आणा'. पोलीस म्हणाले ग्राहक आयोगात जा, तिथं आधी विचारणार समोरच्याचा पत्ता. त्या माणसाच्या कार्डावर सातपूर एमआयडीसीचा पत्ता होता, तिथं जाऊन बघितलं तर लेथचं वर्कशॉप, त्यांनी नावपण ऐकलेलं नाही. चार चकरांचं पेट्रोल आणि चार दिवसांचा खाडा कोणत्या खात्यात मांडू? फसवणारा एकदा फसवतो, हे लोक दर चकरेला.

आणि उपाय काय निघाला, तर नवती फुटताना 5 टक्के निंबोळी अर्क, 100 लिटर पाण्याला 5 किलो निंबोळ्या, आणि जास्त पोखरलेले शेंडे तोडून टाकायचे. मोठ्या झाडाला नागअळीने एवढं काही होत नाही, जपायचं ते लहान रोपांना, कारण जखमेतून खैऱ्या रोग घुसतो.

गाडीचा नंबर घेत जा राव, फोटो काढा. मी नाही काढला. परवा सटाण्याकडच्या पाहुण्यांचा फोन आला, त्यांच्याकडे डाळिंबात एक जण लेन्स घेऊन फिरतोय, तेल्या रोगाचा 'व्हायरस' दाखवतो म्हणे. गाडी कुठल्या रंगाची विचारलं, तर पांढरी.