हळद-मिरीच्या अर्काची कॅप्सूल आणि मेंदूची गाठ : ठाण्यातील एका खरेदीचा अभिप्राय

नौपाड्यातील एका आरोग्य-उत्पादनांच्या दुकानातून घेतलेल्या, हळद, मिरी, द्राक्षे आणि हिरवा चहा यांच्या अर्कांच्या कॅप्सूलविषयी हा अभिप्राय आहे. 60 कॅप्सूलच्या बाटलीची छापील किंमत 1,650 रुपये आहे. माझे थोरले दीर ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या गाठीवर उपचार घेत आहेत. शस्त्रक्रिया झाली असून रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या सुरू आहेत. नात्यातल्या एकांनी आपुलकीने ही बाटली सुचवली, आणि मी रुग्णालयाच्या औषध विभागात नोकरी केलेली असल्यामुळे ती भाऊजींना द्यावी की नाही, हे पाहण्याचे काम माझ्याकडे आले. दुकानाचे आणि कंपनीचे नाव देत नाही, कारण जवळपास हाच मजकूर छापलेल्या बाटल्या ठाण्यात आणि वाशीतही अनेक ठिकाणी विकायला आहेत.

बाटलीबद्दल चांगले आधी सांगते. झाकणाचे सील व्यवस्थित होते, एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख स्पष्ट होती, प्रत्येक घटकाचे प्रमाण मिलिग्रॅममध्ये दिलेले होते आणि हे उत्पादन औषध म्हणून वापरण्यासाठी नाही, ही सूचनाही छापलेली होती. काउंटरवरचे बोलणे मात्र या सूचनेच्या अगदी उलट होते. ‘ताई, याने गाठ आक्रसते, केमोची गरजही कमी होते,’ असे विक्रेत्याने सांगितले. कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना 1954च्या कायद्याने बंदी आहे आणि त्या कायद्यातल्या जाहिरातीच्या व्याख्येत तोंडी केलेला प्रचारही येतो, हे मी त्यांना तिथेच सांगितले. केमोची गरज कमी होते हे वाक्य सर्वांत घातक आहे. 2005मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नुसत्या रेडिएशनने दोन वर्षे जगणारे रुग्ण सुमारे 10 टक्के होते, टेमोझोलोमाइडची जोड दिल्यावर ते सुमारे 26 टक्के झाले. या आजारात एवढा फरकही फार मोलाचा असतो, आणि या बाटलीतल्या कोणत्याही घटकाने तसा फरक कुठल्याही चाचणीत दाखवलेला नाही.

विक्रेत्याने पुरावा म्हणून वर्तमानपत्राचे एक कात्रण दाखवले. ते संशोधन खरे आहे आणि आपल्या खारघरच्याच अ‍ॅक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेतले आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाने ग्लायोब्लास्टोमाच्या 10 रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी सरासरी बारा दिवसांच्या आसपास रेझव्हेराट्रॉल (द्राक्षांत आढळणारे द्रव्य) आणि तांबे यांची गोळी दिवसातून चार वेळा दिली आणि काढलेल्या गाठीची तुलना गोळी न घेतलेल्या 10 रुग्णांच्या गाठींशी केली. पेशींच्या वाढीचा वेग दाखवणारे केआय-67 हे मोजमाप सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळले. 2025मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आशा वाटावी असाच आहे. पण रुग्ण अधिक काळ जगतो का, हे त्यात तपासलेले नव्हते. शिवाय त्या गोळीत रेझव्हेराट्रॉल 5.6 मिलिग्रॅम होते आणि त्याबरोबर अत्यल्प तांबे होते, कारण संशोधकांच्या मते काम घडते ते या दोघांच्या संयोगातून. आमच्या बाटलीत रेझव्हेराट्रॉल 100 मिलिग्रॅम आहे आणि तांबे मुळीच नाही. म्हणजे ज्या संशोधनाचे कात्रण दाखवून बाटली विकली जाते, ते संशोधन या बाटलीवर झालेलेच नाही.

कॅप्सूलचा मुख्य घटक हळदीतले कर्क्युमिन आहे, 500 मिलिग्रॅम अर्क आणि त्यात 95 टक्के कर्क्युमिनॉइड, म्हणजे कर्क्युमिन आणि त्याच्या जातकुळीतली द्रव्ये. हळदपुडीत हे प्रमाण साधारण तीन टक्के असते, त्यामुळे एक कॅप्सूल म्हणजे पंधरा-सोळा ग्रॅम हळद झाली. आमटी-भाजीतल्या चिमटीशी तिची बरोबरी करता येत नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत कर्क्युमिन ग्लायोमाच्या (ग्लायोब्लास्टोमा ज्यात मोडतो त्या मेंदूच्या गाठींच्या गटाच्या) पेशी मारते, ही गोष्ट अनेक वेळा दिसलेली आहे. अडचण तिथपर्यंत पोहोचण्याची आहे. तैवानमध्ये 2001मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज 8 ग्रॅम कर्क्युमिन घेऊनही रक्तातली पातळी दोन मायक्रोमोलरच्या (द्रवातले अत्यल्प प्रमाण मोजण्याचे एकक) आतच राहिली, आणि बशीतल्या पेशी मारायला सहसा त्याच्या कित्येक पट लागते. रक्तातून मेंदूत जाताना आणखी एक अडथळा लागतो, जो बहुतेक रसायनांना बाहेरच थोपवतो.

शोषणाची ही उणीव भरून काढण्यासाठी कंपनीने मिरीतले पायपरीन घातले आहे, प्रत्येक कॅप्सूलमध्ये 10 मिलिग्रॅम, दिवसाला दोन कॅप्सूल. यामागे बंगळूरच्या संशोधकांचा 1998चा अभ्यास आहे, ज्यात 20 मिलिग्रॅम पायपरीनने कर्क्युमिनचे शोषण वीस पटींनी वाढल्याचे दिसले होते. पायपरीन हे घडवून आणते ते यकृत आणि आतड्यांतली औषधे मोडणारी यंत्रणा मंदावून, आणि ती यंत्रणा फक्त कर्क्युमिनसाठी मंदावत नाही. भाऊजींना झटके येऊ नयेत म्हणून फेनिटॉइन सुरू आहे. हे औषध रक्तात 10 ते 20 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर एवढ्या अरुंद पट्ट्यात ठेवावे लागते, आणि भारतातच फिट्सच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात पायपरीनच्या एकाच मात्रेने फेनिटॉइनची पातळी वाढलेली दिसली आहे. पातळी वाढली की चक्कर येते, चालताना तोल जातो, एकाच्या दोन वस्तू दिसतात, झोप आवरत नाही. मेंदूच्या गाठीच्या रुग्णाला असे होऊ लागले, तर घरातल्या प्रत्येकाला गाठ वाढली असेच वाटेल. धावपळ होईल, पुन्हा स्कॅन होईल, कदाचित स्टेरॉइड वाढवले जाईल, आणि कॅप्सूलकडे कुणाचे लक्षही जाणार नाही. लेबलवर याविषयी एक ओळही नाही. गर्भवती स्त्रियांसाठी सूचना आहे, फिट्सच्या औषधांसाठी नाही, ही मला या उत्पादनातली सर्वांत गंभीर त्रुटी वाटते. हिरव्या चहाच्या तीव्र अर्काने आणि हळदीच्या पूरकांनीही काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी युरोपात आहेत. टेमोझोलोमाइड घेणाऱ्यांच्या यकृताच्या तपासण्या होतच असतात, त्यांत अशा कॅप्सूलमुळे गोंधळ वाढतो.

वनस्पतींकडे मी अविश्वासाने पाहत नाही. अंगणातल्या सदाफुलीतून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन मेंदूच्या काही गाठींच्या केमोमध्ये आजही वापरतात; ते शुद्ध करून, मोजून, शिरेतून देतात. सालईच्या डिंकाच्या अर्काचा एक जर्मन अभ्यासही महत्त्वाचा आहे : रेडिएशन घेणाऱ्या 44 रुग्णांपैकी ज्यांना हा अर्क मिळाला, त्यांच्यात मेंदूची सूज तीन चतुर्थांशाहून अधिक उतरलेले 60 टक्के होते, तर दुसऱ्या गटात 26 टक्के. तो परिणाम सुजेवरचा होता, गाठीवरचा नव्हे, आणि मात्रा दिवसाला 4,200 मिलिग्रॅम होती.

उत्पादन म्हणून वेष्टन आणि घटकांच्या नोंदीसाठी मी पाचपैकी तीन गुण देईन, मेंदूच्या गाठीच्या रुग्णासाठी एकही नाही. भाऊजींच्या डॉक्टरांनी लेबलचा फोटो पाहून पायपरीनवर बोट ठेवले आणि कॅप्सूल नको म्हणून सांगितले. जेवणातली हळद, मिरी, कांदा, कोबी मात्र नेहमीसारखी चालू ठेवायला हरकत नाही, असेही सांगितले. दुकानाने सील न फोडलेली बाटली पावती दाखवल्यावर परत घेतली, पण पैसे न देता तेवढ्या रकमेची दुसरी खरेदी करायला सांगितले. तेव्हा घेण्यापूर्वीच परतीची अट विचारून घ्यावी.