फिरत्या माणसांचं नेट: रिचार्जचे पैसे द्यावेत की कंपनीचं सिम?

आमचा धंदा शेतीच्या औषधांचा. नागपुरातून काटोल, उमरेड, रामटेक, गडचिरोली अशी १२ माणसं रोज फिरतात. दोन्ही पद्धती वापरून झाल्यात, म्हणून नव्याने ठरवणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

रिचार्ज कर्मचाऱ्याचा आणि पैसे आपले, ही पद्धत सोपी. कागदपत्रांची भानगड नाही. पण हिशेब नीट करा. २८ दिवसांचा प्लॅन म्हणजे वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज. महिन्याला ठरावीक रक्कम देत असाल तर तेरावा रिचार्ज त्या पोराच्या खिशातून जातो. हे मला पटत नाही, तेराव्याचेही पैसे द्यावेत.

कंपनीच्या पोस्टपेडचं बिल आपल्या जीएसटी क्रमांकावर येतं, त्यामुळे १८ टक्के कराचं क्रेडिट मिळतं. माणशी ४०० रुपये भाडं धरलं तर कर ७२ रुपये. १२ जणांचे वर्षाला १०,३६८. कर्मचाऱ्याच्या नावावरच्या रिचार्जवर यातलं काहीच हाती लागत नाही. सिम कंपनीच्या नावावर असलं तरी वापरणाऱ्या प्रत्येकाची केवायसी करावी लागते, तेवढी धावपळ धरून चाला.

पण माझ्या मते निर्णय पैशावर नको, नंबरवर करा. काटोलकडचा आमचा एक मुलगा नोकरी सोडून गेला. तीन वर्षं संत्र्याचे बागायतदार त्याच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर पानांचे, फळांचे फोटो पाठवायचे. तो गेला आणि त्याच्याबरोबर नंबरही गेला. त्याची चूक काहीच नव्हती, नंबर त्याचाच होता. पण आंबिया बहाराच्या ऐन तोडणीत शेतकऱ्यांचे फोन आमच्याकडे यायचे थांबले. कंपनीच्या नावावरचा नंबर आपल्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या नावावर होत नाही. नवा माणूस तेच सिम घालून दुसऱ्या दिवशी त्याच गावात जातो.

रिचार्जवर रोजच्या डेटाची मर्यादाही नडते. दुपारी तीनला फोन येतो, "भाऊ, नेट संपून गेलं नं, फोटो जाऊनच नाही राहिला." मर्यादा संपली की बऱ्याच प्लॅनवर वेग ६४ केबीपीएसवर येतो, त्यात बुरशीचा फोटो काय जाणार? पोस्टपेडला डेटा महिन्याचा एकत्र मिळतो, जास्त कामाचा दिवस निभावतो. कुठलंही सिम असो, व्हॉट्सअ‍ॅपचं आपोआप डाउनलोड बंद करा आणि फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर ठेवा.

डोंगल, म्हणजे नेटसाठीचं खिशातलं वेगळं यंत्र, आम्ही आणून बघितलं. चार्जिंगची आणखी एक कटकट, घेऊ नका.

माणसं चार-पाचच असतील तर मधला रस्ता आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या डिसेंबर २०२४ च्या नियमामुळे मोबाइल कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन ठेवावे लागतात. कंपनीच्या नावाच्या सिमवर तसा प्लॅन घ्या, व्हॉट्सअ‍ॅप त्या नंबरवर सुरू करा आणि डेटा कर्मचाऱ्याच्याच दुसऱ्या सिमचा वापरून त्या डेटाचे पैसे द्या. दहाच्या वर माणसं असतील तर सरळ पोस्टपेड.

गडचिरोलीचा रूट मात्र वेगळा धरा. आतल्या बऱ्याच गावांत बीएसएनएलशिवाय रेंज मिळत नाही. तिथल्या माणसाला फोनच्या दुसऱ्या खाचेत बीएसएनएल द्या, आणि निघण्याआधी ऑफिसच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा उतरवून घ्यायला सांगा.