मॅनिफोल्डवरचा मार्केट-मेकिंग बॉट : काही महिन्यांच्या वापरानंतर

मॅनिफोल्ड हे खेळातल्या चलनावर चालणारं भाकीत-बाजाराचं संकेतस्थळ. चलनाचं नाव माना. ‘अमुक घडेल का?’ या प्रश्नावर यस किंवा नो शेअर घ्यायचे. निकाल आपल्या बाजूने लागला तर शेअरमागे १ माना, नाहीतर शून्य. भारतात खऱ्या पैशांवरच्या ओपिनियन ट्रेडिंगबद्दल सेबीने २९ एप्रिल २०२५ रोजी लोकांना सावध केलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदाही आला. त्यामुळे इथे बसून मार्केट मेकिंग, म्हणजे घ्यायचा आणि द्यायचा असे दोन्ही भाव लावून मधला फरक कमावणं, शिकायचं असेल, तर बॉटना (आपोआप ऑर्डर लावणाऱ्या प्रोग्रॅमना) परवानगी असलेली, एपीआय (प्रोग्रॅमने संकेतस्थळ वापरायची सोय) खुला असलेली आणि ज्याचा कोडही वाचता येतो अशी ही जागा उत्तम आहे. काही महिने बॉट चालवल्यावरचं मत आधीच सांगून टाकतो. ऑर्डर लावणं सोपं आहे. सगळा जीव ऑर्डर वेळेत काढून घेण्यात आहे, आणि बहुतेक तयार बॉट नेमके तिथेच कच्चे असतात.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. इथे दोन मार्केट मेकर एकमेकांवर बसलेले असतात. खाली संकेतस्थळाचा स्वयंचलित साठा, म्हणजे पूल, आणि वर तुमच्या लिमिट ऑर्डर, म्हणजे तुम्ही ठरवलेल्या भावालाच भरणाऱ्या ऑर्डर. पूलचं सूत्र असं : यसचा साठा ‘य’, नोचा साठा ‘न’ आणि वजन ‘प’ धरलं, तर य^प × न^(१−प) स्थिर राहतं. बाजार उघडताना य आणि न सारखे असतात आणि सुरुवातीची शक्यता ‘प’मध्ये भरलेली असते. या ‘प’चे परिणाम फार जण मोजून पाहत नाहीत. दोन्हीकडे १००० शेअर आणि शक्यता ५० टक्के असताना कुणी १०० मानांचे यस घेतले, तर त्याला सुमारे १९१ शेअर मिळतात आणि भाव, म्हणजे बाजाराने धरलेली यसची शक्यता, ५४.७५ टक्क्यांवर जातो. तेवढाच साठा, पण सुरुवात १० टक्क्यांवर असेल, तर तेच १०० माना भाव थेट २२.४ टक्क्यांवर नेतात. उलट बाजूने १०० मानांचे नो घेतले, तर भाव जेमतेम ९.१ टक्क्यांपर्यंत उतरतो. म्हणजे कडेच्या बाजारात एक हौशी खरेदीदार भाव उडवतो आणि तो खाली आणायला दुसऱ्याला पुष्कळ जास्त माना अडकवावे लागतात. बॉटसाठी नियमित काम इथेच आहे : १० टक्क्यांच्या आसपासच्या, कमी साठ्याच्या बाजारात वरच्या बाजूला नोच्या ऑर्डर लावून ठेवणं.

जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या रॉबिन हॅन्सन यांचं भाकीत-बाजारासाठीचं लॉगरिदमिक सूत्र ज्यांना माहीत आहे, त्यांच्यासाठी तुलना. त्यात बाजाराची खोली ठरवणारा ‘ब’ हा एकच आकडा ठरवायचा असतो आणि दोन पर्यायांच्या बाजारात ५० टक्क्यांपासून सुरुवात केली तर बाजार चालवणाऱ्याचा जास्तीत जास्त तोटा ब × ०.६९३. ब १०० असेल तर ६९.३, त्यापुढे एक पैसाही नाही. मॅनिफोल्डच्या पूलमध्ये हा हिशेब साठ्यातूनच निघतो : १०००-१००० चा पूल ५० वरून ९० टक्क्यांवर गेला आणि निकाल यस लागला, तर साठ्यात ३३३ यस उरतात, म्हणजे दोन तृतीयांश रक्कम गेली. ९९ टक्क्यांवर गेला तर जेमतेम १०० उरतात. म्हणून बाजारात लिक्विडिटी घालणं, म्हणजे पूलमध्ये आपले माना टाकणं, ही गुंतवणूक समजू नये. प्रश्नाचं चांगलं उत्तर मिळावं म्हणून दिलेली ती वर्गणी आहे, आणि तशी ती मोलाचीच आहे.

आता वरचा थर. तुमच्या लिमिट ऑर्डरपर्यंत सौदा पोहोचण्याआधी पूल आपला वाटा खातो. वरच्याच पूलमध्ये भाव ४० असताना तुम्ही ३७ वर यस घ्यायची ऑर्डर लावली, तर कुणीतरी सुमारे ८० मानांचे नो घेतल्याशिवाय ती ऑर्डर स्पर्शच होत नाही. बाजारातले सौदे २५ ते ५० मानांचे असतील, तर एका सौद्यात तुमचा नंबर लागणार नाही. त्यामुळे स्प्रेड, म्हणजे तुमच्या दोन भावांमधलं अंतर, नुसता टक्क्यांत ठरवू नका. पूलची खोली मोजा, नेहमीचा सौदा भाव किती हलवतो ते काढा आणि पहिली ऑर्डर त्या हालचालीच्या जरा आत ठेवा. ऑर्डरचा भाव पूर्ण टक्क्यांतच देता येतो, ही दुसरी अडचण. ३ टक्क्यांच्या बाजारात एक टक्का म्हणजे एक तृतीयांश किंमत. तिथे दोन्ही बाजूंनी भाव देण्यात अर्थ नाही.

सुरुवातीला ही मांडणी पुरते. रास्त भाव (तुमच्या अंदाजाने योग्य असलेला) ४०, दोन्हीकडे ३ टक्के : ३७ वर यस, ४३ वर नो, प्रत्येकी १०० शेअर. हातात साचलेल्या दर १०० यसमागे दोन्ही भाव १ टक्का खाली सरकवायचे. ३०० यस साचले की भाव ३४ आणि ४०. ६०० झाले की यसची ऑर्डर बंद, फक्त नोची चालू. यस आणि नो दोन्ही हातात आले की जोडी आपोआप मोडून १ माना परत मिळतो, वेगळं विकायला लागत नाही. भाव ४३ असताना नो ५७ ला पडतो, म्हणून ३७ ला यस आणि ५७ ला नो मिळून शंभरातले ९४ झाले. म्हणजे १०० जोड्यांच्या पूर्ण फेरीत ६ माना सुटतात. पण ३७ ला घेतलेले १०० यस बातमी येऊन शून्य झाले, तर ३७ माना गेले. सहा फेऱ्यांची कमाई एका बातमीत साफ. बॉटच्या खात्यात तोटा दिसतो तो बहुतेक वेळा याच रूपात, आणि स्प्रेड रुंद करून तो भरून निघत नाही.

त्यावर सगळ्यात उपयोगी पडलेली सोय म्हणजे इथला प्रत्येक सौदा खातेदाराच्या ओळखीसह दिसतो. शेअर बाजारात ही चैन नाही. प्रत्येक खात्याने तुमच्याकडून घेतल्यानंतर तासाभराने भाव कुठे होता, याची नोंद ठेवा. थोड्याच आठवड्यांत दोन गट वेगळे पडतात : ज्यांच्या सौद्यानंतर भाव परत येतो ते, आणि ज्यांच्या सौद्यानंतर तो परत येतच नाही ते. दुसऱ्या गटातल्या कुणी बाजाराला हात लावला की त्या प्रश्नावरच्या सगळ्या ऑर्डर काढायच्या आणि माणसाने पाहिल्याशिवाय परत लावायच्या नाहीत. वेगवेगळ्या तीन खात्यांनी पंधरा मिनिटांत एकाच बाजूने घेतलं, तरी तेच. रास्त भाव फक्त पूलच्या भावावरून काढला, तर बॉट जाणकाराच्या मागे फरफटत जातो. त्याला बाहेरचा आधार हवा : अमेरिकी व्याजदराच्या प्रश्नांना फ्युचर्समधून (पुढच्या तारखेच्या सौद्यांच्या बाजारातून) निघणारी शक्यता जोडता येते. ज्या प्रश्नाला असा बाहेरचा आधारच नाही, तिथे ऑर्डर लहान ठेवा.

वेळापत्रक हाताने भरावं लागतं आणि भारतात बसून ते चुकतं. फेडरल रिझर्व्हचा निर्णय आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री ११.३० ला आणि हिवाळ्यात १२.३० ला येतो, म्हणजे तारीखही बदलते. अमेरिकेतल्या महागाईचे आकडे संध्याकाळी ६ ला किंवा ७ ला. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण सकाळी १० ला. एपीआयमधल्या वेळा सगळ्या मिलिसेकंदांत असतात. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) ठेवा आणि साडेपाच तासांची बेरीज फक्त पडद्यावर दाखवताना करा. घोषणेच्या अर्धा तास आधी ऑर्डर संपतील अशी मुदत ऑर्डर लावतानाच द्या, म्हणजे बॉट बंद पडला तरी ऑर्डर उघड्यावर राहत नाहीत.

एक सापळा कागदावर सहज दिसत नाही. लिमिट ऑर्डर लावल्यावर माना अडकत नाहीत. त्यामुळे ५०० मानांच्या शिलकीवर ५००० च्या ऑर्डर लागतात आणि सगळं छान दिसतं. दोन-तीन एकदम भरल्या की शिल्लक संपते आणि बाकीच्या रद्द होतात; बॉटला वाटत राहतं की आपण बाजारात आहोत. उघड्या ऑर्डरची यादी दर काही मिनिटांनी एपीआयवरून परत मागवा, स्वतःच्या नोंदीवर विसंबू नका. विनंत्यांची मर्यादा मिनिटाला ५०० आहे, ती यासाठी भरपूर आहे. ताज्या सौद्यांसाठी वेबसॉकेट (सर्व्हरशी सतत उघडी राहणारी जोडणी) वापरा, पण जोडणी तुटून परत आली की मधले सौदे पुन्हा पाठवले जात नाहीत. परत जोडल्याबरोबर आधी सगळ्या ऑर्डर काढायच्या, मग चुकलेले सौदे वाचायचे, मग नवे भाव द्यायचे. हाच क्रम ठेवा.

अनेक पर्यायांच्या प्रश्नांत, जिथे सगळ्या शक्यतांची बेरीज १०० असते, एका पर्यायावरची खरेदी बाकीच्यांना आपोआप खाली ढकलते. एका मोठ्या सौद्यात सहा पर्यायांवरच्या तुमच्या यसच्या ऑर्डर एकदम भरू शकतात. हातात साचणाऱ्या शेअरची मर्यादा तिथे पर्यायामागे नको, पूर्ण प्रश्नामागे हवी.

शेवटी बाजार निवडताना प्रश्नाखालचा मजकूर पूर्ण वाचा. निकाल सहसा प्रश्न विचारणाराच लावतो, आणि तो यस-नो ऐवजी मधल्या एखाद्या टक्क्यावरही लावला जाऊ शकतो. निकालाचा स्रोत आणि तारीख लिहिलेली नसेल, तर तो बाजार बॉटच्या यादीत घालू नका, पूल कितीही खोल असो.