थ्रॉटल व्हॉल्व्हचं पेटंट: नवा आकार की जुन्या भागांची नवी जोडणी?

थ्रॉटल व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप. तिच्यातल्या सुधारणा बहुधा दोन प्रकारच्या असतात. काहींत हवेची वाटच बदलते: चकतीची कड, बोअरचा (चकती ज्या नळीत फिरते तिच्या पोकळीचा) उतार, स्पिंडलची (चकतीच्या आसाची) जागा. काहींत भाग ओळखीचेच, जोडणी नवी: बटरफ्लायला (म्हणजे त्या फिरत्या चकतीला) मोटर, पोझिशन सेन्सर, एखादी स्प्रिंग. खर्च एकाच अर्जावर करायचा असेल तर माझा कौल आकाराला.

नवीनतेत दोन्ही तरू शकतात. तिथे दाव्यातला, म्हणजे अर्जात ज्यावर हक्क मागितला त्या वर्णनातला, प्रत्येक घटक एकाच जुन्या दस्तऐवजात सापडला, तरच अर्ज अडतो. जोडणीवाले इथेच निर्धास्त होतात. पण पुढची कसोटी इन्व्हेंटिव्ह स्टेपची. परीक्षक दोन-तीन जुनी पेटंटं शेजारी मांडतो आणि बघतो, की या कामातल्या जाणकाराला ही जोडणी सहज सुचली असती का.

अमेरिकेतला केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स खटला यासाठी वाचावाच. वाद थ्रॉटलच्या दुसऱ्या टोकाचा, ॲक्सिलरेटर पेडलचा. टेलिफ्लेक्सच्या हातातल्या पेटंटात पुढेमागे सरकणारं पेडल होतं आणि त्याच्या स्थिर पिव्होटपाशी (पेडल ज्याभोवती फिरतं त्या बिंदूपाशी) इलेक्ट्रॉनिक सेन्सर. पण स्थिर पिव्होटचं सरकतं पेडल असानो नावाच्या संशोधकाच्या पेटंटात आधीच होतं. सेन्सर पायाच्या पट्टीवर नको, आधाराच्या न हलणाऱ्या भागावर बसवा, हे स्मिथ या दुसऱ्या संशोधकाच्या पेटंटात होतं. असानोचं पेटंट परीक्षकासमोर आलंच नव्हतं! गाड्या केबलकडून इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलकडे वळत असताना हे दोन्ही कुणाही जाणकाराने जोडलं असतं, असं म्हणत सुप्रीम कोर्टाने ३० एप्रिल २००७ रोजी तो दावा एकमताने रद्द ठरवला.

आपल्याकडे जोडणीला आणखी एक अडसर आहे, पेटंट कायद्याचं कलम ३(एफ): आपापलं काम स्वतंत्रपणे करणाऱ्या ज्ञात उपकरणांची नुसती मांडणी म्हणजे शोध नव्हे. वीज गेल्यावर चकती किंचित उघडी ठेवणारी स्प्रिंगही जुनीच.

आकारही आपोआप सुरक्षित नसतो. पेडल थोडं दाबताच हवा एकदम वाढू नये म्हणून बोअरला गोलाई देणं जुनं आहे. एस्पेसनेट या पेटंट शोधायच्या संकेतस्थळावर एफ०२डी ९/१० हा फिरत्या चकतीच्या थ्रॉटलचा वर्ग आधी चाळा. मात्र आकाराच्या बाजूने कोन आणि हवेचा प्रवाह यांचा मोजलेला आलेख ठेवता येतो. अपेक्षेपेक्षा वेगळा निकाल आला असेल, तर परीक्षकाला द्यायला तेच सर्वांत भक्कम उत्तर.

जोडणी निवडावी ती जुनी पेटंटं 'असं करू नका' म्हणत असतील तेव्हा. दोन्हींत, गिऱ्हाइकाला नमुना दाखवण्याआधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाका; पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात.